अंगणातल्या मातीची शाळा : ताराबाई मोडक

आष्टी : पोळा दोन-तीन दिवसांवर आला, की आष्टी तालुक्यातील गावोगावच्या लहान मुलांचे हात कोपरापर्यंत मातीने माखू लागतात. ओढ्याकाठची चिकणमाती घरी येते, तिच्यातील खडे वेचले जातात, पाणी घालून ती तिंबली जाते आणि ओसरीवर मातीच्या बैलांची जोडी उभी राहते. शिंगांना काडी, डोळ्यांना ज्वारीचे दाणे आणि पाठीवर झुलीची नक्षी म्हणून बाभळीच्या काट्याने ओढलेल्या रेघा. हे काम मुलांना कोणी शिकविलेले नसते. दुसऱ्या दिवशी मात्र तेच हात स्वच्छ धुऊन मुले शाळेत जातात आणि माती शाळेच्या फाटकाबाहेरच राहते. शाळेचे शिक्षण वेगळे आणि मातीतला खेळ वेगळा, अशी ही वाटणी आपल्याकडे इतकी रुळली आहे की, तिच्याबद्दल कोणाला नवल वाटत नाही.

ही वाटणी ज्यांना मान्य नव्हती आणि ती मोडण्यासाठी ज्यांनी आयुष्याची पन्नास वर्षे वेचली, त्या ताराबाई मोडक यांचा स्मृतिदिन 31 ऑगस्ट रोजी, म्हणजे पोळ्याच्या आगेमागेच येतो. 1973 मध्ये त्यांचे निधन झाले. गावोगावच्या अंगणवाड्यांत आज लाखो मुले जातात. परंतु अंगणवाडी ही कल्पना ज्यांच्या प्रयोगातून साकारली, त्या बाईंचे नाव मराठवाड्यात क्वचितच ऐकू येते. लहान मुलांना मातीतून शिकवावे की नाही, हा प्रश्न पुन्हा उपस्थित होत असताना त्यांचे चरित्र उलगडून पाहणे उपयुक्त ठरावे.

सुधारकाच्या घरातली मुलगी

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाच्या कार्यातील एक प्रमुख गृहस्थ होते. मुलीने शिकावे, असे वाटणारी घरे त्या काळी मोजकीच होती आणि केळकरांचे घर त्यांपैकी एक होते. 1914 मध्ये ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. मुलगी चौथीपर्यंत शिकली तरी शेजारीपाजारी कुजबुज व्हावी, असे ते दिवस होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या पदवीचे मोल कळते.

पुढे अमरावतीचे वकील कृ. वा. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार टिकला नाही. 1921 मध्ये पतिपत्नी विभक्त झाले आणि प्रभा या लहान मुलीला घेऊन ताराबाई एकट्या उभ्या राहिल्या. घटस्फोट हा शब्दही मराठी घरांत उच्चारला जात नव्हता, असा तो काळ. पुढे अनेक वर्षांनी रत्नाकर मतकरी यांनी ताराबाईंच्या जीवनावरून ‘घर तिघांचं हवं’ हे नाटक लिहिले, त्याचे मूळ याच कालखंडात आहे. जगाच्या मुलांना वाढविणाऱ्या स्त्रीच्या स्वतःच्या घरात काय घडले, हा प्रश्न नाटककाराला अस्वस्थ करून गेला, यात आश्चर्य नाही.

उपजीविकेसाठी ताराबाईंनी राजकोट येथील बार्टन स्त्री अध्यापक विद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले. पद मानाचे होते, पगार चांगला होता. एकट्या बाईने याहून अधिक काय मागावे, असे कोणीही म्हणाले असते.

भावनगरचे वळण

भावनगर येथे दक्षिणामूर्ती ही शिक्षणसंस्था होती. तेथे गिजुभाई बधेका या गृहस्थांनी वकिली सोडून 1920 मध्ये बालमंदिर सुरू केले होते. इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांच्या विचारांनी गिजुभाई भारावले होते. मुलाला मारू नये, त्याच्यावर ओरडू नये, त्याला स्वतःच्या हातांनी करू द्यावे आणि शिक्षकाने बाजूला राहून पाहावे, ही पद्धत त्यांनी गुजराती मुलांसाठी राबविली. गुजरातेत त्यांना ‘मूछाळी मा’, अर्थात मिशा असलेली आई, असे प्रेमाने म्हणत.

ताराबाईंनी हे काम पाहिले आणि 1923 च्या सुमारास प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला दाखल झाल्या. ज्या बाई कालपर्यंत शिक्षिकांना घडविणाऱ्या विद्यालयाच्या प्रमुख होत्या, त्या आता अडीच-तीन वर्षांच्या मुलांसमोर जमिनीवर बसून शिकू लागल्या. पदरी लहान मुलगी, पाठीशी कोणी नाही आणि हातची नोकरी सोडलेली. व्यवहारी माणसाला हा निर्णय वेडेपणाचाच वाटला असणार. परंतु ताराबाईंच्या पुढील सर्व कार्याचा पाया याच निर्णयात आहे.

गिजुभाई आणि ताराबाई यांच्या पुढाकाराने 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकातून दोघांनी पालक व शिक्षक यांच्यापर्यंत हा विचार पोचविला. ही पत्रिका आधी गुजरातीत आणि नंतर मराठीत निघाली. मराठी आवृत्तीची धुरा ताराबाईंनी दीर्घकाळ वाहिली. मुलाला समजून घेणे हे शास्त्र आहे, केवळ माया पुरेशी नाही, ही गोष्ट मराठी आईबापांना प्रथम सांगणाऱ्यांत त्यांचे नाव घ्यावे लागेल. 1936 मध्ये त्यांनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केले. मुलांच्या शाळेला जोडूनच शिक्षिकांना तयार करणारे अध्यापन मंदिरही उभे राहिले. तीन वर्षांनी, 1939 मध्ये, गिजुभाईंचे निधन झाले आणि संघाच्या कामाचा मोठा भार ताराबाईंवर आला.

महागडी पेटी की पायाखालची माती?

दादरचे काम नावारूपाला आले. तरीही ताराबाईंच्या मनात एक शल्य राहिले असावे, असे त्यांच्या पुढील वाटचालीवरून दिसते. माँटेसरी पद्धतीचे साहित्य सुबक आणि शास्त्रशुद्ध होते. पण ते महाग होते. लाकडी ठोकळे, धातूच्या चौकटी, ठराविक मापाच्या पेट्या हे सारे शहरातील सुखवस्तू घरांच्या मुलांपर्यंत पोचत होते. खेड्यातील मुलाचे काय? ज्या घरात दोन वेळच्या भाकरीची भ्रांत, तेथे ही पेटी कोण नेणार?

ताराबाईंचे वेगळेपण येथे दिसते. त्यांनी तत्त्व धरले आणि पेटी सोडली. लहान-मोठे, जड-हलके, गुळगुळीत-खरखरीत हे भेद मुलाच्या हाताला व डोळ्याला कळावेत, एवढाच साहित्याचा हेतू असेल, तर तो हेतू शंख-शिंपल्यांनी, बियांनी, गोट्यांनी, पानाफुलांनी आणि मातीने साधता येतो. गावात जे विनामूल्य मिळते, तेच शाळेचे साहित्य करावयाचे, हा त्यांचा मार्ग होता. गरिबाच्या मुलासाठी केलेली तडजोड म्हणून त्यांनी हा मार्ग धरला नव्हता. मूल ज्या परिसरात वाढते, त्या परिसरातील वस्तूंशी त्याची आधीच ओळख असते आणि ओळखीच्या वस्तूवरून अनोळखी ज्ञानाकडे जाणे सोपे असते, हा त्यामागील विचार होता.

मातीला बालशिक्षणात तशी जुनी परंपरा आहे. जर्मनीचे फ्रेडरिक फ्रोबेल यांनी एकोणिसाव्या शतकात किंडरगार्टनची कल्पना मांडली, तेव्हा मुलांच्या उद्योगांत मातीकामाला स्थान दिले होते. महात्मा गांधींनी 1937 मध्ये वर्धा येथे मांडलेल्या नई तालीममध्येही हाताचा उद्योग हाच शिक्षणाचा कणा मानला होता. ताराबाईंनी हे दोन्ही प्रवाह आपल्याशा केले. मात्र त्यांची नजर सहा वर्षांखालील मुलावर होती. त्या वयात उद्योग हा उत्पादनासाठी नसून बोटांना, डोळ्यांना आणि मनाला वळण लागण्यासाठी असतो, याचे भान त्यांनी कधी सुटू दिले नाही.

शाळा अंगणात गेली

1945 मध्ये वयाच्या 53 व्या वर्षी ताराबाईंनी मुंबईतील स्थिरस्थावर काम मागे ठेवले आणि तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी बोरिवली येथील एका प्रशिक्षण शिबिरात त्यांची अनुताई वाघ यांच्याशी गाठ पडली होती. बालपणीच वैधव्य आलेल्या आणि जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई त्यांच्यासोबत बोर्डीला गेल्या आणि अखेरपर्यंत त्यांच्या सहकारी राहिल्या.

बालवाडी उघडली म्हणजे मुले येतील, हा समज बोर्डीत लवकरच फोल ठरला. गावाच्या कडेला राहणाऱ्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या आणि मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबांची मुले शाळेपर्यंत पोचत नव्हती. आई-वडील पहाटे कामाला जात, मोठे भावंड धाकट्याला सांभाळी. मुलांच्या अंगावर धड कपडे नसत. अशा मुलाला कोण आणून सोडणार? त्यावर ताराबाईंनी काढलेला तोडगा साधा होता. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. मुलांना आंघोळ घालणे, नखे काढणे, केस विंचरणे येथून दिवस सुरू होई. मग गाणी, गोष्टी, खेळ आणि हाताला येईल त्या वस्तूंनी शिक्षण. ही अंगणवाडी.

केंद्र शासनाने 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या गावपातळीवरील केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले. ते पाहण्यास ताराबाई हयात नव्हत्या.

कोसबाडची टेकडी आणि कुरणातली मुले

1957 मध्ये केंद्र बोर्डीहून डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर हलले. ताराबाई तेव्हा 65 वर्षांच्या होत्या. सभोवती वारली आदिवासींचे पाडे. हाच तो मुलूख, जेथे 1945 मध्ये गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा दिला होता. पिढ्यान्‌पिढ्या सावकार आणि जमीनदार यांच्या दारी राबलेल्या या समाजाला शाळेचा विश्वास वाटावा, असे काही घडलेच नव्हते.

परंतु या घरांत चित्रे होती. गेरूने किंवा शेणमातीने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखाटलेला लग्नाचा चौक हा वारली स्त्रियांचा वारसा. त्रिकोण, वर्तुळ आणि रेघ यांतून माणसे, झाडे, प्राणी उभे करणारे हे हात होते. याच डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी पुढे ही कला जगभर नेली. ज्या मुलाच्या घरची भिंतच मातीची पाटी आहे, त्याला माती हे शिक्षणाचे साहित्य म्हणून परके वाटण्याचे कारण नव्हते.

कोसबाडला ताराबाई व अनुताई यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र गुंफून विकासवाडी हा प्रयोग केला. मोठी बहीण शाळेत यायची तर कडेवरच्या भावाची सोय हवी, हे त्यांनी ओळखले होते. तरीही गुरे राखणारी मुले येईनात. ताराबाईंनी त्यांच्यावर आळशीपणाचा शिक्का मारला नाही. गुरे जेथे चरतात, तेथेच शिक्षक पाठविले. ही कुरणशाळा. झाडाखाली फळा, हातात काठी, पायाखाली माती आणि नजरेच्या टप्प्यात गुरे, असे हे वर्ग भरत. अंगणात शाळा नेणारी बाई आता रानात शाळा नेत होती.

1962 मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. 31 ऑगस्ट 1973 रोजी वयाच्या 81 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर अनुताईंनी हे काम 1992 पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत, पुढे नेले.

मातीवरून कागदावर

ताराबाईंनी मातीला शाळेत मानाचे स्थान दिले. त्याच वाटेवरचा पुढील टप्पा म्हणजे मातीच्या ठशावरून कागदावर चित्र छापणे. पहिली ते चौथीच्या मुलांना सहज जमणारा हा उद्योग असून त्यासाठी ना यंत्र लागते, ना धारदार हत्यार.

चिकणमाती चाळून, भिजवून, कणकेसारखी मळावी. पाटावर तिची बोटभर जाडीची, वीतभर लांब वडी थापावी आणि ओल्या बोटाने पृष्ठभाग गुळगुळीत करावा. अर्धा-पाऊण दिवस सावलीत ठेवली, की वडी दाबल्यास फारशी दबत नाही, पण काट्याने रेघ मात्र उमटते. हीच वेळ चित्र काढण्याची. मुलांना बाभळीचा काटा, तुराटी, पेनाचे टोपण, कणसाचे बुरकुंड, पिंपळाचे पान, गोणपाटाचा तुकडा असे काहीही द्यावे. काहींनी रेघ उमटते, काहींनी पोत उमटतो. मग चिंधीच्या बोळ्याने दाट रंग वडीवर हलकेच टिपावा, त्यावर कागद ठेवावा आणि तळहाताने सावकाश चोळावा. कागद उचलला, की खोदलेली रेघ पांढरी राहते आणि भोवतीचा रंग छापून येतो. एका वडीवरून काही छाप निघतात. मग ठसा बोथट होतो. तो पाण्यात टाकला, की पुन्हा माती तयार. वाया काहीच जात नाही.

आपल्या भागातील काळी माती वाळताना आकसते व तडकते, याची मात्र शिक्षकांनी काळजी घ्यावी. तिच्यात चाळलेली राख मिसळावी किंवा गावातील कुंभाराकडून तयार माती घ्यावी. वडी पूर्ण वाळण्याआधीच छाप घ्यावेत.

या उद्योगात मुलाला पहिला धक्का बसतो तो नाव छापताना. मातीत सरळ लिहिलेले नाव कागदावर उलटे येते. आरशातल्यासारखे. मग मूल विचार करू लागते आणि दुसऱ्या खेपेस अक्षर मुद्दाम उलटे कोरते. अक्षराचा कान कोठे, वेलांटी कोणत्या बाजूला वळते, हे जे वहीत दहा वेळा गिरवून पक्के होत नाही, ते एका फसलेल्या छापाने पक्के होण्याची शक्यता अधिक. चूक झाली म्हणून कोणी रागावत नाही, कारण चूक मातीत आहे आणि माती पुन्हा मळता येते.

हा केवळ पोरखेळ नव्हे. मराठवाड्यातीलच तेर येथे सातवाहनकाळातील मातीच्या सुबक मूर्ती सापडल्या आहेत. त्या साच्यात दाबून घडविलेल्या होत्या. एका साच्यातून अनेक प्रतिमा काढण्याची ही युक्ती आपल्या मातीला दोन हजार वर्षांपासून माहीत आहे. अलीकडच्या काळात बंगालचे मुद्राचित्रकार सोमनाथ होर यांनी 1970 च्या दशकातील आपल्या ‘जखमा’ या चित्रमालिकेसाठी आधी मातीच्या पाट्यांवरच ओरखडे काढले, त्यांचे साचे घेतले आणि त्यावर कागदाचा लगदा दाबून छाप उठविले. मोठ्या कलावंताची वाट आणि पहिलीतल्या मुलाची वाट येथे एकाच मातीतून जाते.

आष्टीने काय घ्यावे?

दसरा-दिवाळीनंतर आष्टी तालुक्यातील वस्त्या ओस पडू लागतात. ऊसतोडीसाठी कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावरच परततात. सोबत मुलेही जातात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहे आणि साखरशाळा यांचे प्रयत्न झाले. परंतु फडावर धाकट्याला सांभाळणारी सात-आठ वर्षांची मुलगी आजही पाहावयास मिळते. तिच्या हाती पुस्तक नसते. कोपीच्या दारात ओल्या सरीची माती मात्र असते.

बोर्डीच्या वस्तीतील आणि कोसबाडच्या कुरणातील मुलांची अडचण याहून वेगळी नव्हती. ताराबाईंनी त्या मुलांना शाळेत खेचून आणण्याऐवजी शाळाच त्यांच्यापर्यंत नेली आणि जे साहित्य नेले, ते त्यांच्या पायाखालीच होते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा वयोगट पायाभूत स्तर मानला असून खेळातून व कृतीतून शिक्षणावर भर दिला आहे. ताराबाईंनी हेच एका खेड्यात, अनुदानाची वाट न पाहता, 1945 मध्ये करून दाखविले होते.

पोळ्याच्या दिवशी मुलांनी घडविलेले बैल पूजा झाल्यावर दोन दिवसांत कोपऱ्यात पडतात. शिक्षकांनी मनावर घेतल्यास त्याच मातीची दुसऱ्या दिवशी वर्गात वडी थापता येईल, तिच्यावर मुलांची नावे कोरता येतील आणि ऊसतोडीला निघालेल्या मुलाच्या पिशवीत त्याच्या स्वतःच्या हाताने छापलेला एक कागद देता येईल. फडावर पोचल्यावर तो पुन्हा करण्यासाठी त्याला काहीच विकत घ्यावे लागणार नाही.